त्याला बाकावर बसवणार कोण? युनायटेडच्या पाठीराख्यांना एक खुले पत्र

मित्रांनो,

ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा काळ, उघडायला अवकाश असतो, तोवरच आपल्यात दोन तट पडलेले असतात. तेहतीस-चौतीस वर्षांचा एखादा नामवंत आघाडीवीर, करार संपत आलेला, गुडघ्यावर शस्त्रक्रिया होऊन गेलेली, आणि त्याचे नाव मँचेस्टर युनायटेडशी जोडणारी एक मोघम बातमी. तेवढे पुरते. एक तट म्हणतो, 'अरे फुकट मिळतोय, घ्या की!' दुसरा म्हणतो, 'आपण काय वृद्धाश्रम काढलाय का?' यंदाच्या खेळाडूचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. नावे बदलतात, भांडण तेच राहते, आणि दोन्हीकडचे मुद्दे आता इतके पाठ झालेत की कोण काय बोलणार हे त्याने तोंड उघडायच्या आधीच कळते.

मला यात तिसरेच काही म्हणायचे आहे. 'त्याच्यात अजून दम आहे का' यावर आपण रात्री जागवतो. दम असतो हो. मोठ्या खेळाडूचा पहिला स्पर्श, चेंडू कुठे पडणार याचा अंदाज, गोलसमोरच्या बॉक्समध्ये बचावपटूच्या अर्धे पाऊल आधी पोचण्याची खोड, हे सहजासहजी जात नाही. आधी जातो तो वेग. त्यातही एक जोरदार धाव मारल्यावर लगेच दुसरी मारण्याची ताकद. नव्वदऐवजी पंचवीस मिनिटे खेळवले, तर ही उणीव झाकली जाते. मग उरलेली पासष्ट मिनिटे त्याला बाकावर बसवणार कोण, आणि तो बसणार का? आपल्याच क्लबचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास काढून बघा. गाडी सुटली असेल किंवा अडली असेल, तर ती बहुतेक वेळा याच ठिकाणी.

टेडी शेरिंगहॅम घ्या. 1997 च्या मे महिन्यात आपला आघाडीवीर एरिक कँटोनाने तिसाव्या वर्षी निवृत्ती जाहीर केली आणि मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसनने टॉटनहॅमकडून एकतीस वर्षांचा शेरिंगहॅम आणला. वेगासाठी तो तरुणपणीही कधी ओळखला गेला नव्हता. प्रीमियर लीगमधला पहिलाच सामना नेमका टॉटनहॅमच्या मैदानावर आला आणि त्यात त्याने पेनल्टी दवडली. मोसम संपला तेव्हा आर्सेनलने एका गुणाने लीग नेली होती आणि आपल्या हाती एकही मोठा करंडक नव्हता. पुढच्या वर्षी ड्वाइट यॉर्क आला, अँडी कोलशी त्याची जोडी जमली आणि शेरिंगहॅम मुकाट्याने बाकावर गेला. आज असे झाले असते तर आपण 'फ्लॉप' म्हणून मोकळे झालो असतो.

मग 1999 चा मे उजाडला. एफए कपच्या अंतिम सामन्यात नवव्या मिनिटाला रॉय कीन जायबंदी होऊन बाहेर गेला, शेरिंगहॅम आत आला आणि दोन मिनिटांत त्याने गोल केला. चार दिवसांनी बार्सिलोनात, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध, तो 67 व्या मिनिटाला ब्लोमक्विस्टच्या जागी उतरला. नव्वद मिनिटे संपली तरी बायर्न 1-0 ने पुढे होते. बेकहॅमचा कॉर्नर, बायर्नने अर्धवट बाहेर काढलेला चेंडू, गिग्जचा उजव्या पायाचा फसलेला फटका, आणि गोलसमोर उभ्या शेरिंगहॅमने त्या फसलेल्या चेंडूला दिलेली नुसती दिशा. तिथे उभे राहायला वेग लागत नाही, तिथे उभे राहायचे असते हे कळावे लागते. पुन्हा कॉर्नर. या वेळी शेरिंगहॅमने डोक्याने चेंडू हलकेच पुढे सरकवला आणि पलीकडे सोल्शारचा पाय होता. लोकांना सोल्शार आठवतो, आठवावाच. पण दोन्ही गोलांमध्ये वाटा होता तो तेहतीस वर्षांच्या बदली खेळाडूचा. आणि गंमत म्हणजे खरा बहर पुढेच होता. 2000-01 च्या मोसमात लीगमध्ये 15 गोल, खेळाडूंच्या संघटनेचा आणि पत्रकारांचा असे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे दोन्ही पुरस्कार. त्या मोसमात त्याने पस्तिशी गाठली होती.

हे जमले कशामुळे? यॉर्कला आणताना फर्ग्युसनला शेरिंगहॅमची परवानगी घ्यावी लागली नाही. त्याला बसवले म्हणून सकाळी मथळे आले नाहीत. तो संघात होता, पण संघ त्याच्याभोवती उभा केलेला नव्हता.

हेन्रिक लार्सनचे तर उदाहरण म्हणून शिकवावे. 2007 च्या जानेवारीत तो पस्तीस वर्षांचा होता. स्वीडनची लीग वसंतापासून शरदापर्यंत चालते, त्यामुळे हिवाळ्यात त्याच्या हेल्सिंगबोर्ग क्लबला त्याची गरज नव्हती. फर्ग्युसनने त्याला जेमतेम अडीच महिन्यांसाठी लोनवर, म्हणजे उसना, मागून घेतले. 13 सामने, 3 गोल. आकडा बघून कुणी भुलणार नाही. पण त्यातला एक गोल चॅम्पियन्स लीगमध्ये लीलविरुद्धचा, आपल्या ओल्ड ट्रॅफर्डवर, त्या सामन्यातला एकमेव, डोक्याने मारलेला. त्यानंतर आठवडाही झाला नाही तोच ठरल्याप्रमाणे तो परत गेला. फर्ग्युसनला तो राहायला हवा होता, पण लार्सनने शब्द दिला होता. काम ठरलेले, मुदत ठरलेली, निरोपाची तारीखसुद्धा ठरलेली. मायकेल ओवेनचेही तसेच, 2009 मध्ये तो फुकट आला तेव्हा करारच असा होता म्हणतात की खेळशील तसे पैसे. तीन वर्षांत 17 गोल, म्हणजे फार नाहीत. पण मँचेस्टर सिटीविरुद्धच्या 4-3 च्या सामन्यात 96 व्या मिनिटाला गोल झाला तेव्हा तो बाकावरूनच उठून आलेला होता.

'घ्या' म्हणणारे आता खूश झाले असतील. थांबा जरा.

फर्ग्युसनचीही गणिते फसली. 2001 च्या ऑगस्टमध्ये त्याने ऐन भरातल्या याप स्टामला लॅझिओला विकले आणि पस्तीस वर्षांच्या लोराँ ब्लाँला बचावफळीच्या मध्यभागी उभे केले. ब्लाँ विश्वविजेत्या फ्रान्सचा खेळाडू, खेळ वाचण्यात अव्वल. पण इथे त्याला पंचवीस मिनिटांचे काम दिलेले नव्हते, अख्खे घर त्याच्या खांद्यावर ठेवले होते. त्या मोसमाच्या पहिल्या काही महिन्यांत आपण बोल्टन, लिव्हरपूल, आर्सेनल, न्यूकॅसल आणि चेल्सीकडून हरलो. या पाचांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की ब्लाँचे नाव तयार होते, आणि इंग्लिश पत्रकार अशी संधी थोडीच सोडतात! आपण तिसरे आलो. पुढच्या वर्षी फर्डिनंड आल्यावर ब्लाँच्या वाट्याला कमी ओझे आले आणि लीग जिंकूनच तो निवृत्त झाला. माणूस तोच, वय एका वर्षाने वाढलेले, फक्त काम बदलले होते. स्टामला विकणे ही चूक होती हे फर्ग्युसनने पुढे स्वतःच मान्य केले.

आता एक असा मुद्दा, जो दोन्ही तट विसरतात. म्हातारा खेळाडू आला की कुणाची तरी जागा जाते. 2011 च्या 31 डिसेंबरला, फर्ग्युसनच्या सत्तराव्या वाढदिवशी, मधल्या फळीत इतके जण जखमी होते की राफाएल आणि पार्क जी सुंग यांना तिथे खेळवावे लागले. घरच्या मैदानावर ब्लॅकबर्नकडून आपण 3-2 असे हरलो. अठरा वर्षांचा पॉल पोग्बा तेव्हा क्लबमध्येच होता, संधीची वाट बघत. आठवडाभरात उपाय आला तो असा की, सात महिन्यांपूर्वी निवृत्त झालेला, सदतीस वर्षांचा पॉल स्कोल्स पुन्हा बूट घालून सिटीविरुद्ध मैदानात उतरला. स्कोल्स अजूनही इतरांपेक्षा सरस होता, यात वादच नाही. पण पोग्बा त्या उन्हाळ्यात युव्हेंटसला गेला, आणि 2016 मध्ये त्यालाच परत आणायला आपण 8 कोटी 90 लाख पौंड मोजले, तेव्हाचा जागतिक विक्रम. पोग्बाच्या जाण्याला इतरही कारणे होती, सगळे खापर स्कोल्सच्या डोक्यावर फोडू नका. पण फुकटात परत आलेल्या खेळाडूची किंमत कधी कधी अशी दुसऱ्याच खात्यावर पडते.

तिकडे युव्हेंटसमध्ये पोग्बाच्या शेजारी मधल्या फळीत कोण होता? आंद्रेआ पिर्लो. मिलानने बत्तिसाव्या वर्षी सोडून दिलेला, फुकट आलेला. युव्हेंटसने त्याच्याबरोबर ओळीने चार लीग जिंकल्या. म्हणजे वयाचा नियम करू जाल तर दोन्हीकडून फसाल. पिर्लोभोवती धावणारे विडाल आणि मार्किझिओ होते, म्हणून त्याला धावावे लागले नाही.

फाल्काओची गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते. 2014 च्या सप्टेंबरमध्ये विंडो बंद होताना तो मोनाकोहून लोनवर आला. वय अवघे 28! पण त्याच वर्षी जानेवारीत गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता आणि विश्वचषकही हुकला होता. उतार वयाने लागतो असे नाही, हे त्याच्याकडे बघून कळत होते. चेंडू पायाशी येई, त्याला काय करायचे ते कळे, आणि पाय अर्ध्या क्षणाने मागे पडे. मोसमभरात 4 गोल. तो आला त्याच दिवशी आपण काय केले, तर आपल्याच अकादमीत वाढलेल्या डॅनी वेलबेकला 1 कोटी 60 लाख पौंडांना आर्सेनलला विकले. 2015 च्या मार्चमध्ये एफए कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात ओल्ड ट्रॅफर्डवर विजयी गोल मारला तो वेलबेकने, आपल्याविरुद्ध. आणि त्याच आठवड्यात फाल्काओ आपल्या 21 वर्षांखालील संघातून खेळत होता. काही वर्षांपूर्वी युरोपातल्या सर्वोत्तम नंबर नऊमध्ये, म्हणजे मुख्य आघाडीवीरांमध्ये, गणला जाणारा माणूस पोरांच्या संघात. ते बघायला नको होते. पण पुढे काय झाले तेही लिहायलाच हवे. तोच फाल्काओ मोनाकोला परतला, कर्णधार झाला आणि 2016-17 मध्ये 30 गोल मारून त्यांना फ्रान्सची लीग जिंकून दिली. तेव्हा 'संपला' हा शब्द जरा जपून वापरा. तो आपल्याकडे संपला होता.

आता रोनाल्डो. इथे मला शिव्या पडणार हे ठाऊक आहे.

2021 च्या ऑगस्टमध्ये तो आला तेव्हा आपण सगळेच वेडे झालो होतो. छत्तीस वर्षांचा होता. त्या मोसमात त्याने सर्व स्पर्धांत 24 गोल केले, त्यातले 18 लीगमध्ये. चॅम्पियन्स लीगच्या गटातून तर त्यानेच आपल्याला पुढच्या फेरीत नेले, विल्यारेआलविरुद्धचा शेवटच्या क्षणीचा गोल आठवा. खेळाडू म्हणून त्याने स्वतःचे काम केले, हे नाकारणारा खोटे बोलतो. पण आता संघाचे आकडे बघा. त्याच्या आधीच्या मोसमात आपण 74 गुण आणि 73 गोल करून दुसरे आलो होतो. त्याच्यासह 58 गुण, 57 गोल आणि सहावे. जितके मारले तितकेच, 57, अंगावर घेतले. 18 गोल मारणारा माणूस आला आणि संघाचे 16 गोल कमी झाले. सारा दोष त्याचा नव्हता. बचाव ढेपाळला, मध्येच मॅनेजर बदलला. पण पुढून दबाव टाकायचा की नाही, चेंडू कुणाकडे जायचा, हे सगळे त्याच्या सोयीने ठरू लागले होते. आधीच्या मोसमात 17 गोल मारणारा कवानी त्या वर्षी 2 गोलांवर आला. म्हणजे एका म्हाताऱ्याने दुसऱ्या म्हाताऱ्याची जागा घेतली! नाकापेक्षा मोती जड झाला, याहून नेमके मला सुचत नाही.

आणि बसवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा? ऑक्टोबर 2021 मध्ये, तोवर आपला मॅनेजर झालेल्या सोल्शारने एव्हर्टनविरुद्ध त्याला बाकावर ठेवले, सामना 1-1 सुटला, आणि एका व्हिडिओत खुद्द फर्ग्युसन म्हणताना दिसला की सर्वोत्तम खेळाडूंना सुरुवातीपासून खेळवावे. ज्याने उभी कारकीर्द मोठमोठ्यांना बसवण्यात घालवली, त्याला बाहेरून बघताना तेच खटकले. बिचारा सोल्शार काय करणार होता? वर्षभराने, ऑक्टोबर 2022 मध्ये, टॉटनहॅमविरुद्ध आपण 2-0 ने जिंकत असताना रोनाल्डोने बदली म्हणून उतरायला नकार दिला आणि शेवटची शिट्टी वाजायच्या आधीच तो ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्यातून निघून गेला. त्या संध्याकाळी संघ मोसमातल्या सर्वोत्तम सामन्यांपैकी एक खेळला होता, चर्चा मात्र बोगद्याची झाली. नोव्हेंबरात करार संपुष्टात आला.

इब्राहिमोविचबद्दल थोडक्यात. 2016-17 मध्ये 28 गोल, लीग कपच्या अंतिम सामन्यात दोन. मला तो मोसम आवडला होता. पण लीगमध्ये आपण सहावे, 38 पैकी 15 सामने बरोबरीत. एप्रिलमध्ये त्याचा गुडघा गेला आणि युरोपा लीग आपण त्याच्याविना जिंकली.

'फुकट मिळतोय' या वाक्याचाही एकदा निकाल लावू. फ्री ट्रान्सफर म्हणजे दुसऱ्या क्लबला पैसे द्यायचे नाहीत, एवढेच. खेळाडूला सही करण्याचे पैसे, एजंटचे कमिशन आणि पगार हे द्यावेच लागतात, आणि विकायला गेले तर हाती काही येत नाही. ट्रान्सफर फी दिली असेल तर हिशोबाच्या वह्यांत ती कराराच्या वर्षांवर वाटली जाते, म्हणजे पाय थकले तरी बोजा चालूच. कासेमिरो 2022 मध्ये तीस वर्षांचा असताना सुमारे 6 कोटी पौंड आणि वर काही बोनस अशा किमतीला चार वर्षांच्या करारावर आला. पहिले वर्ष सोन्यासारखे गेले, न्यूकॅसलविरुद्ध लीग कपच्या अंतिम सामन्यातला पहिला गोल त्याचाच. दुसऱ्या वर्षी, 2024 च्या मे महिन्यात, जखमींच्या रांगेमुळे बचावफळीत उभा केलेला तोच कासेमिरो क्रिस्टल पॅलेसविरुद्ध 4-0 च्या पराभवात ज्या हालात दिसला, ते आपण सर्वांनी पाहिले. पुढे तो सावरलाही. पण तीस वर्षांच्या माणसाला चार वर्षे लिहून देताना कुणी तिसऱ्या वर्षाचा विचार केला होता का?

उलट बाजूला एक गोष्ट बदलली आहे, आणि 'नको' म्हणणाऱ्यांनी ती ध्यानात घ्यावी. 2022-23 पासून प्रीमियर लीगमध्ये तीनऐवजी पाच बदली खेळाडू वापरता येतात. शेरिंगहॅमच्या काळात बाकावरच्या माणसाला तीनपैकी एक जागा मिळवावी लागे. आता दमलेल्या बचावासमोर शेवटची पंचवीस मिनिटे खेळणारा अनुभवी आघाडीवीर ही चैन राहिलेली नाही, ती सोय आहे. तेव्हा सरसकट 'तिशीनंतर नकोच' हा हट्टही मला पटत नाही.

मग माझे मत? मॅनेजरने स्वतः मागितला असेल, करार एका वर्षाचा असेल, पगार ड्रेसिंग रूममधल्या इतरांना झोंबणार नाही इतका असेल, आणि त्याच्यामुळे अकादमीतल्या एखाद्या पोराची वाट बंद होणार नसेल, तर माझा होकार. 1937 च्या ऑक्टोबरपासून आपल्या प्रत्येक सामन्याच्या संघात अकादमीतला एक तरी खेळाडू राहिला आहे, ती परंपरा कुणाच्या निरोप समारंभासाठी पणाला लावू नये. मालकांना शर्ट विकायचे आहेत म्हणून, किंवा ऑगस्ट संपत आला आणि कुणीच मिळाले नाही म्हणून आणत असतील, तर माझा ठाम नकार, मग तो कितीही थोर असो.

आणि आता ज्यासाठी हे पत्र क्लबला न लिहिता तुम्हाला लिहिले, ते. मॅनेजर त्याला बसवू शकेल की नाही हे निम्मे आपल्यावर असते. एव्हर्टनविरुद्ध सोल्शारने बसवले तेव्हा पहिला गलका आपणच केला होता. साठाव्या मिनिटाला 0-0 असताना बाकाकडे बघून त्याचे नाव घेत गाणी म्हणायची, आणि मग मे महिन्यात 'संघ एका माणसाभोवती फिरतोय' म्हणून गळा काढायचा, हे दोन्ही चालणार नाही. सप्टेंबरात दोन सामने हरल्यावर, तो बाकावर बसलेला असताना, आणि आत एकोणीस वर्षांचा पोरगा सोप्या संधी दवडत असताना तुम्ही गप्प राहणार असाल, तर खुशाल 'घ्या' म्हणा. नसाल, तर आत्ताच 'नको' म्हणून टाका, त्यात त्या खेळाडूचेही भले आहे.

आपला,
ओल्ड ट्रॅफर्डवरचा शेवटचा गोल होईस्तोवर टीव्ही बंद न करणारा एक पाठीराखा